डिक्शनरीत ‘वऱ्हाड’ काऊन सापडत नाही?

रात्रीचे साडेबारा. राजापेठमधली आमची भाड्याची खोली. माझा रूममेट लॅपटॉपसमोर डोक्याला हात लावून बसलेला. सकाळी अकराला त्याच्या फायनल इयर प्रोजेक्टचा डेमो, त्यासाठी बाहेरगावहून एक्स्टर्नल येणार, आणि ऐन वेळी अ‍ॅप रुसलेलं.

‘भौ, पाह्य ना जरा. फाइल उघडली तर शब्द डोयानं दिसून राह्यला. सर्चमध्ये टाकला का म्हणते, सापडला नाही. काऊन?’

शब्द कोणता होता माहितीय? वऱ्हाड.

गंमत म्हणजे प्रोजेक्टच वऱ्हाडी शब्दांचा होता. वऱ्हाडी शब्द टाका, प्रमाण मराठीतला अर्थ मिळवा. एखादी गोष्ट किंवा बातमी टाका, तिच्यातले वऱ्हाडी शब्द रंगवून दाखवले जातील. ‘काऊन’ सापडत होता, ‘पोट्टा’ सापडत होता, ‘लय’ सापडत होता. फक्त ज्याच्या नावावर अख्खा प्रोजेक्ट, तोच गायब.

मी मास कॉमवाला. कोडिंगशी माझं नातं रूममेटची बडबड ऐकण्यापुरतं. पण त्या रात्री पहाटेपर्यंत जे ऐकलं, ते इथे लिहावंसं वाटलं. कारण बीसीए, बीएस्सी, इंजिनीअरिंग करणाऱ्या प्रत्येकाला इंटरव्ह्यूमध्ये एक प्रश्न हमखास येतो : हॅश टेबलमध्ये एखादी गोष्ट शोधायला किती वेळ लागतो? उत्तर सगळ्यांचं पाठ असतं, ‘ओ ऑफ वन’. पुढचा प्रश्न आला की मात्र अर्धे गप्प होतात. पुढचा प्रश्न असतो : नेहमीच?

आधी यादीची गोष्ट

महिनाभर आधी याच अ‍ॅपचं दुखणं वेगळं होतं. ते फार हळू चालायचं. त्याच्याकडे शब्दांची वेगवेगळी रूपं धरून २० हजारांची यादी होती. तपासायला गोष्टी, बातम्या असा मिळून ५ लाख शब्दांचा मजकूर. पायथनमध्ये त्याने सगळे शब्द सरळ एका लिस्टमध्ये भरले होते. मजकुरातला प्रत्येक शब्द घ्यायचा आणि लिस्टमध्ये आहे का ते पहिल्यापासून शेवटपर्यंत बघत जायचं.

आता हिशेब करा. जो शब्द यादीत नाहीच, त्याच्यासाठी २० हजार तुलना. असे ५ लाख शब्द. म्हणजे वाईटात वाईट १००० कोटी तुलना. रन बटण दाबून आम्ही खाली जाऊन चहा पिऊन यायचो, तरी स्क्रीनवर काही नाही. यालाच पुस्तकात ‘ओ ऑफ एन’ म्हणतात. यादी दुप्पट झाली की शोधायचा वेळही दुप्पट.

थोडा शहाणपणा म्हणजे यादी अकारविल्हे लावायची आणि छापील शब्दकोशासारखी मधोमध उघडायची. शब्द आधीचा असेल तर पुढचा भाग सोडा, नंतरचा असेल तर मागचा सोडा, परत उरलेल्या भागाच्या मधोमध. २० हजारांत जास्तीत जास्त १५ पायऱ्यांत काम होतं. हे झालं ‘ओ ऑफ लॉग एन’. १५ म्हणजे भारीच की! पण याहून भारी युक्ती आहे, आणि तिच्यासारखीच एक तुम्ही रोज वापरता.

वेलणकरांचा पिनकोड

१५ ऑगस्ट १९७२ ला आपल्या देशात पिनकोड सुरू झाला. तो बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी माणूस. डाक-तार खात्यातले मोठे अधिकारी आणि संस्कृत कवीसुद्धा. अडचण काय होती? पत्ते वेगवेगळ्या भाषांत, अक्षर कुणाचं कसं, आणि एकाच नावाची गावं ठिकठिकाणी. आपल्याच अमरावतीचं घ्या. आंध्रातही अमरावती आहे. नुसतं नाव वाचून पत्र कुठे टाकायचं?

सहा आकड्यांनी हा घोळ मिटवला. ४ म्हटलं की महाराष्ट्राकडचा विभाग, ५ म्हटलं की आंध्राकडचा. पहिले तीन आकडे ४४४ म्हणजे आपला अकोला-अमरावतीचा पट्टा. शेवटचे तीन आकडे नेमकं पोस्ट ऑफिस सांगतात. पत्र वेगळं करणाऱ्याला देशातली सगळी पोस्ट ऑफिसं एकेक करून आठवावी लागत नाहीत. आकडा बघितला, थेट त्या कप्प्यात टाकलं.

हॅश टेबलची आयडिया हीच. शब्दावर एक ठरलेलं गणित करायचं आणि आकडा काढायचा. तो आकडा म्हणजे कप्प्याचा नंबर. ठेवताना त्या कप्प्यात ठेवायचं, शोधताना तेच गणित करून थेट तोच कप्पा उघडायचा. मग शब्द २० हजार असोत की २० लाख, उघडायचा कप्पा एकच. फरक इतकाच की पिनकोडमध्ये शेजारची गावं शेजारच्या आकड्यांत राहतात, आणि हॅश मुद्दाम सगळ्यांना इकडेतिकडे पांगवतो. कप्पे सारखे भरावेत म्हणून.

आयबीएममधल्या हान्स पीटर लून यांनी १९५३ मध्ये ऑफिसातल्या एका टिपणात ही कल्पना मांडली होती. आज पायथनची डिक्शनरी, जावाचा हॅशमॅप, सी प्लस प्लसचा अनऑर्डर्ड मॅप, सगळे याच घराण्यातले. रूममेटने लिस्ट काढून डिक्शनरी टाकली, आणि चहावाला आमची वाट बघत राहिला. शर्टाचं बटण लावेपर्यंत उत्तर स्क्रीनवर!

‘दे’ आणि ‘धन’ एकाच कप्प्यात

पण पिनकोडमध्ये एक गोष्ट लपलेली आहे. एका पिनकोडवर एकच घर नसतं. पत्र आपल्या पोस्टात आलं तरी पुढे पोस्टमनला घर शोधावंच लागतं. हॅश टेबलमध्येही तसंच. दोन वेगळ्या शब्दांचा आकडा एकच येऊ शकतो. याला कोलिजन म्हणतात.

त्या रात्री रूममेटचा पहिला संशय याच्यावरच. ‘वऱ्हाडची जागा दुसऱ्याच शब्दानं खाल्ली असन बे!’ मी म्हटलं, दाखव बरं कागदावर. त्याने जावाचं गणित घेतलं, कारण ते सोपं आणि जाहीर आहे. दोन अक्षरी शब्द असेल तर पहिल्या अक्षराचा युनिकोड नंबर गुणिले ३१, अधिक दुसऱ्याचा नंबर. आपल्या देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी यांनाही स्वतंत्र नंबर आहेत. म्हणून ‘दे’ म्हणजे संगणकासाठी दोन अक्षरं : द आणि मात्रा.

‘दे’ : द चा नंबर २३४२, मात्रेचा २३७५. २३४२ गुणिले ३१ अधिक २३७५ म्हणजे ७४९७७.
‘धन’ : ध चा नंबर २३४३, न चा २३४४. २३४३ गुणिले ३१ अधिक २३४४ म्हणजे... ७४९७७!

मी दोनदा मोबाइलवर हिशेब केला. खरंच तेच. ‘दे’ आणि ‘धन’ एकाच कप्प्यात. मग आम्हाला नादच लागला. ‘खा’ आणि ‘गट’ दोघांचेही ७४४७२. ‘पी’ आणि ‘फड’ दोघांचेही ७५०९४. पटत नसेल तर जावात हॅशकोड छापून बघा.

कारण सोपं आहे. पहिलं अक्षर एक घर पुढे सरकवलं की आकडा ३१ ने वाढतो. दुसरं अक्षर ३१ घरं मागे नेलं की तितकाच कमी होतो. देवनागरीच्या तक्त्यात मात्रेच्या ३१ घरं मागे ‘न’ बसलाय, आणि कान्याच्या ३१ घरं मागे ‘ट’. बस.

कोलिजन म्हणजे बग नाही, हे मात्र ध्यानात ठेवा. ते टळतच नाही. तुमच्या वर्गात ६० जण असतील तर त्यातल्या निदान दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला असण्याची शक्यता ९९ टक्क्यांच्या वर असते, वर्षाचे दिवस ३६५ असूनही. कप्प्यांचंही असंच होतं. म्हणून हॅश टेबल कप्पा उघडल्यावर आतला शब्द खरोखर आपलाच आहे का, हे एकदा ताडून बघतं. नसेल तर पुढचा बघतं. ‘दे’मुळे ‘धन’ कधी हरवत नाही, फक्त एखादी तुलना वाढते.

आणि गर्दी वाढायला लागली की टेबल स्वतःच मोठं होतं. जावाचा हॅशमॅप १६ कप्प्यांनी सुरुवात करतो. पाऊण भरला की कप्पे दुप्पट करतो आणि सगळ्यांना नव्याने जागा देतो. ती एक वेळ महाग पडते, पण इतक्या क्वचित येते की सगळ्या कामावर वाटली तर जाणवत नाही. म्हणूनच ‘सरासरी’ ओ ऑफ वन. ‘सरासरी’ हा शब्द इंटरव्ह्यूत विसरायचा नाही.

म्हणजे कोलिजनने शब्द हळू सापडला असता, गायब झाला नसता. रूममेटचा पहिला संशय इथेच बाद.

मुद्दाम गर्दी केली तर?

रात्रीचे दोन वाजले होते, पण विषय निघालाच तर मला एक शंका आली. एखाद्याने मुद्दाम सगळे शब्द एकाच कप्प्यात जातील असे निवडले तर?

निवडता येतात, आणि अगदी सहज. ‘दे’ आणि ‘धन’ या जोडीचे तुकडे एकापुढे एक जोडा. देदे, देधन, धनदे, धनधन. चारही शब्दांचा जावातला आकडा एकच. तीन तुकडे जोडले तर ८ शब्द, १६ तुकडे जोडले तर ६५,५३६ शब्द, सगळे एकाच कप्प्यात. एवढे शब्द भरताना प्रत्येक नवा शब्द आधीच्या सगळ्यांशी ताडून बघावा लागला, तर सुमारे २१४ कोटी तुलना होतात. ओ ऑफ वन गेलं, पुन्हा आपली रांगच आली.

हे नुसतं कागदावरचं नाही. अमेरिकेतल्या राइस विद्यापीठातल्या स्कॉट क्रॉस्बी आणि डॅन वॉलाक यांनी २००३ मध्ये हा धोका शोधनिबंधात दाखवला. पर्ल भाषेने त्याच वर्षी दुरुस्ती केली. बाकीच्यांनी फार मनावर घेतलं नाही. मग डिसेंबर २०११ मध्ये बर्लिनच्या एका परिषदेत अलेक्झांडर क्लिंक आणि युलियन वेल्डे यांनी दाखवून दिलं की पीएचपी, जावा, पायथन, रुबी आणि मायक्रोसॉफ्टच्या एएसपी डॉट नेटवर चालणाऱ्या वेबसाइट असा एक खास बनवलेला फॉर्म पाठवून कामाला लावता येतात. सर्व्हर बिचारा एकाच कप्प्यात शोधत बसणार आणि बाकीचे लोक ताटकळणार. मायक्रोसॉफ्टला वर्ष संपायच्या आत तातडीने दुरुस्ती काढावी लागली.

यातून भाषा बदलल्या. पायथन ३.३ पासून शब्दांचा हॅश प्रत्येक वेळी प्रोग्राम सुरू करताना वेगळा निघतो. आधी एक गुप्त आकडा मिसळला जातो, त्यामुळे बाहेरच्याला अंदाज लागत नाही. पुढे ३.४ मध्ये सिपहॅश नावाचं अधिक पक्कं गणित आलं. जावाने गणित तेच ठेवलं, पण २०१४ च्या जावा ८ मध्ये कप्प्याची आतली रचना बदलली. एका कप्प्यात फार गर्दी झाली की तिथे रांगेऐवजी झाड तयार होतं. म्हणजे वाईटात वाईट ओ ऑफ लॉग एन. सी प्लस प्लसचा अनऑर्डर्ड मॅप अजूनही वाईट वेळी ओ ऑफ एनवर जाऊ शकतो. कोडफोर्सेसवर स्पर्धा खेळणाऱ्यांना विचारा, दुसऱ्याचं सोल्यूशन ‘हॅक’ करायला लोक नेमकं हेच वापरतात. बरोबर उत्तर देणारा कोड ‘टाइम लिमिट एक्सीडेड’ होऊन पडतो.

मग वऱ्हाड गेलं कुठे?

तीन वाजता रूममेटने शेवटी एक साधी गोष्ट केली. फाइलमधल्या ‘वऱ्हाड’ची लांबी छापली. ७. स्वतः टाइप केलेल्या ‘वऱ्हाड’ची छापली. ६.

आम्ही एकमेकांकडे बघत बसलो. स्क्रीनवर दोन्ही शब्द जुळ्या भावांसारखे, आणि लांबी वेगळी!

भानगड त्या अर्ध्या ऱ्ह मध्ये होती. आपला हा ‘ऱ्’ युनिकोडमध्ये तीन तऱ्हांनी लिहिता येतो. पहिली, ‘ऱ’ नावाचं एक स्वतंत्र अक्षर आणि हलन्त. तसा शब्द लिहिला की लांबी ६. दुसरी, साधा र, त्याखाली नुक्त्याचा ठिपका आणि मग हलन्त. लांबी ७. तिसरी, साधा र, हलन्त आणि ‘झीरो विड्थ जॉइनर’ नावाचं एक न दिसणारं अक्षर. तीही ७. माणसाला तिन्ही सारखेच दिसतात. हॅश टेबल दिसण्यावर जात नाही, नंबरांवर जातं. नंबर वेगळे की आकडा वेगळा, कप्पा वेगळा. आणि चुकून कप्पा तोच निघाला, तरी आत ताडून बघताना शब्द वेगळाच ठरतो. कुठला कीबोर्ड, कुठला कन्व्हर्टर काय टाकेल याचा भरवसा नसतो. फाइलमधले शब्द त्याने चार ठिकाणांहून गोळा केले होते.

म्हणजे टेबलची काहीच चूक नव्हती. विचारलेल्या शब्दाचं उत्तर त्याने एका पायरीत दिलं होतं : नाही. चुकीचं उत्तर, पण एकदम फास्ट!

उपाय दहा मिनिटांचा निघाला. शब्द टेबलमध्ये ठेवण्याआधी आणि शोधण्याआधी, दोन्ही वेळा, एकाच साच्यातून काढायचा. पायथनमध्ये ‘युनिकोडडेटा’ मॉड्यूलमध्ये ‘नॉर्मलाइझ’ नावाचं फंक्शन आहे. त्याला एनएफसी हा प्रकार सांगितला की नुक्तावाला शब्द स्वतंत्र ‘ऱ’वाला होतो. न दिसणाऱ्या जॉइनरवाल्याला मात्र ते हात लावत नाही. तो आपला आपण बदलावा लागतो. दोन ओळी लिहिल्या, एंटर दाबलं, आणि पहाटे साडेतीनला ‘वऱ्हाड’ सापडला. शेजारच्या खोलीतून भिंतीवर थाप पडली, इतके आम्ही ओरडलो.

हसण्यावारी नेऊ नका

झोपताना मला हसू येत होतं, पण मग एक विचार आला आणि झोप उडाली. आज सगळ्या याद्या संगणकावर आहेत. प्रवेशाची यादी, स्कॉलरशिपची यादी, निकाल. आपल्याकडे गोऱ्हे, कऱ्हाळे, बिऱ्हाडे, तऱ्हाळे अशी आडनावं काही कमी नाहीत. यादी एकाने एका कीबोर्डवर केली, शोधणाऱ्याने दुसऱ्यावर टाइप केलं, तर खिडकीतून उत्तर येईल, ‘तुमचं नाव नाही.’ समोरचा माणूस घरी निघून जाईल. नाव यादीत असून! आणि कुणालाच कळणार नाही, कारण स्क्रीनवर लाल एरर नाही, काही नाही. फक्त एक नम्र ‘सापडलं नाही’.

इंग्रजीत प्रोजेक्ट करणाऱ्याला हा प्रश्न सहसा पडत नाही. मराठीत सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याला पडतो. आणि ते लिहिणारे उद्या आपणच असणार, अमरावती-अकोल्याच्या कॉलेजांतून बाहेर पडणारी पोरं-पोरी.

अकरा वाजता

डेमो झाला. एक्स्टर्नल सरांनी वऱ्हाडीत दोन शब्द टाकून पाहिले, हसले, आणि मग तोच प्रश्न.

‘लुकअपची कॉम्प्लेक्सिटी काय?’

‘सर, ओ ऑफ वन. सरासरी.’

‘सरासरीच का?’

रूममेटने बोर्डावर ‘दे’ आणि ‘धन’ लिहिलं. खाली दोन गुणाकार मांडले. सर म्हणे खुर्चीतून पुढे सरकून बघत होते. मग त्याने ‘वऱ्हाड’ दोनदा लिहिला आणि विचारलं, ‘सर, यातला फरक दिसतो का?’ सरांना दिसला नाही. कुणालाच दिसत नाही. मग त्याने लांबी छापून दाखवली.

मार्क अजून लागलेले नाहीत. संध्याकाळी गिला वडा मात्र त्याने खाऊ घातला, आणि खाताखाता आम्ही पुढच्या जोड्या शोधत होतो. ‘जा’ आणि ‘झट’चा आकडा एकच येतो. तुमच्या नावाच्या पहिल्या दोन अक्षरांना जोडीदार मिळतो का, बघा. कागद-पेन्सिल पुरे.

इंटरव्ह्यूआधी एक नजर

- लिस्टमध्ये शोध : ओ ऑफ एन. क्रमाने लावलेल्या लिस्टमध्ये मधोमध पद्धतीने : ओ ऑफ लॉग एन.
- पायथन डिक्शनरी आणि सेट : सरासरी ओ ऑफ वन, वाईट वेळी ओ ऑफ एन.
- जावा हॅशमॅप : सरासरी ओ ऑफ वन. जावा ८ पासून एका कप्प्यात गर्दी झाली तर ओ ऑफ लॉग एन.
- सी प्लस प्लस : अनऑर्डर्ड मॅप सरासरी ओ ऑफ वन, वाईट वेळी ओ ऑफ एन. साधा मॅप नेहमी ओ ऑफ लॉग एन.
- इथे ‘एन’ म्हणजे टेबलमधल्या नोंदी. शब्द लांब असेल तर त्याचा हॅश काढायलाही वेळ लागतोच.
- मराठी मजकूर असेल तर आधी नॉर्मलाइझ, मग हॅश.